तोंडात ठेवलेला हिरवा मणी

मागच्या अंकात राजेरजवाड्यांच्या अलंकारांवरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी मध्य अमेरिकेतल्या माया लोकांचा उल्लेख केला होता. त्यांच्या पकाल राजाच्या थडग्यात जेड नावाच्या हिरव्या दगडाचा मुखवटा सापडला, आणि मेलेल्या माणसाच्या तोंडात ते लोक हिरवा मणी ठेवत, एवढ्या दोनच ओळी. त्या दोन ओळींवर पत्रांचा गठ्ठा आला. म्हणून या वेळचं सदर सगळं त्याच विषयाला देते.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमची आई श्रावणात गेली. जाताना तिच्या तोंडात गंगाजळ घातलं, तुळशीचं पान ठेवलं आणि सोन्याचा कण ठेवला. कण म्हणजे माझ्याच डोरल्यातला एक मणी तोडून दिला होता. माझा नातू दहावीला आहे. त्यानं तुमचं सदर वाचलं आणि मला विचारलं, "आज्जी, त्या लोकांनी दगड ठेवला, मग आपण सोनं का ठेवलं?" मला काही सांगता येईना. तुम्हीच सांगा.
— एक वाचक, उदगीर

उत्तर : ताई, आधी तुमच्या डोरल्याबद्दल. मी पटवेकऱ्याची लेक. तेरला आमच्या ओसरीवर बाया अशी एक मणी कमी झालेली डोरली घेऊन यायच्या. वडील कधी "मणी कुठं गेला" असं विचारायचे नाहीत. दोन्ही बाजूंचे मणी थोडे थोडे सरकवून, मोकळी जागा दिसू नये असं पुन्हा गाठवून द्यायचे. लहान होते तेव्हा मला वाटायचं, मणी हरवत असतील. कळायला पुष्कळ वर्षं गेली.

आता नातवाचा प्रश्न. तोंडात मणी ठेवायची रीत माया लोकांत खरोखरच होती, आणि ती राजांपुरती नव्हती. साध्या माणसाला ते पुष्कळदा राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरत. घरच्यांची ऐपत असली तर त्याच्या तोंडात हिरव्या दगडाचा एखादा मणी असे. राजाच्या अंगावर शेकडो मणी, कानांत मोठी कर्णभूषणं, दहा बोटांत दहा अंगठ्या. पण मुखातला मणी त्यालाही सुटला नाही. म्हणजे सगळ्या दागिन्यांत हा एक असा, की जो राजाकडेही होता आणि कोपऱ्यातल्या झोपडीतही असू शकत होता.

का ठेवत, याची दोन जुनी टिपणं आहेत. मेक्सिकोतल्या युकातानमध्ये राहिलेला दिएगो दे लांदा नावाचा स्पॅनिश पाद्री १५६६च्या सुमारास लिहितो, की मेलेल्याच्या तोंडात दळलेला मका भरतात आणि त्याच्यासोबत पैशासारखे वापरतात ते काही दगड घालतात, परलोकात त्याला खायला कमी पडू नये म्हणून. ह्याच लांदाने १५६२ मध्ये मानी गावात माया लोकांच्या पोथ्यांची होळी केली. ज्याने त्यांचं लिहिलेलं जाळलं, त्याच्याच वहीतून आपल्याला त्या मण्याचं कारण कळावं, हे मला दर वेळी वाचताना लागतं. दुसरं टिपण बार्तोलोमे दे लास कासास या पाद्र्याचं. तो सांगतो, की मोठा माणूस शेवटच्या घटकेला आला की एक मौल्यवान दगड तयार ठेवत. प्राण जाताना तो तोंडाशी धरत, म्हणजे प्राण त्या दगडात येतो. मग तो दगड हलक्या हाताने चेहऱ्यावरून फिरवत.

एकाने अन्न म्हटलं, दुसऱ्याने श्वास. अभ्यासक यांतलं एक खरं आणि दुसरं खोटं मानत नाहीत, आणि मलाही तसं मानावंसं वाटत नाही. मायांच्या लिपीत वाऱ्याचं एक चिन्ह आहे, 'इक'. त्याचा आकार इंग्रजी टी अक्षरासारखा. वारा, श्वास, प्राण हे सगळं त्यात येतं. बेलीझ देशात निम ली पुनित नावाच्या जागी २०१५ साली एका थडग्यात जेडचं एक पदक सापडलं. राजाने छातीवर घालायचं, रुंदी सुमारे १९ सेंटिमीटर, मागच्या बाजूला तीस चित्राक्षरं कोरलेली, आणि आकार नेमका याच वाऱ्याच्या चिन्हाचा. दगडाला श्वासाचा आकार दिलेला. आपणही अंतकाळी पंचप्राण म्हणतो ते वायूच.

आणि हिरवाच का? माया भाषांत 'याश' हा शब्द हिरव्यालाही आहे आणि निळ्यालाही. पहिलं, नवं, कोवळं असाही त्याचा अर्थ होतो. ताई, तुम्ही उदगीरच्या, म्हणजे येळवस तुम्हाला सांगायला नको. आंबिलीचं मडकं घेऊन शेतात शिरताना ज्वारीच्या पात्याला जो रंग असतो, तो नातवाला दाखवा आणि म्हणा, हा याश. आपली ज्वारी तसा त्यांचा मका. त्यांची श्रद्धा अशी, की माणूस घडला तोच मक्यापासून. त्यांचा मकादेव कणसासारखा कापला जातो, जमिनीखाली जातो आणि पुन्हा उगवतो. चित्रांत तो जेडच्या मण्यांनी मढलेला असतो. मेलेल्या माणसाच्या तोंडात हिरवा मणी आणि दळलेला मका ठेवायचा, याचा अर्थ त्याला बी करून पेरायचा.

सोनं त्यांना कळत नव्हतं असं नाही. शेजारच्या मुलखातून थोडंफार सोनं त्यांच्याकडे पुढे आलंही. पण त्यांच्या लेखी सगळ्यांत मोलाचा तो हा दगड. आपल्याकडे सोनं कधी विटत नाही म्हणून शुद्ध. त्यांच्याकडे जेड कधी सुकत नाही म्हणून जिवंत. नातवाला इतकं पुरेल, असं वाटतं.

प्रश्न : आमच्याकडं सवाष्ण बाई गेली तर हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर मळवट भरून नेतात. नवऱ्यामागं राहिलेल्या बाईला यातलं काहीच नाही. तुम्ही नुसतं राजाचं लिहिलं. माया लोकांत राणीला असं काही होतं का?
— एक वाचक भगिनी, अंबाजोगाई

उत्तर : होतं, आणि तुमचं पत्र वाचून माझ्या अंगावर काटा आला. पकालचं नगर पालेंके, आजच्या मेक्सिकोतल्या चियापास राज्यात. तिथे पकालच्या समाधीमंदिराला लागून एक छोटं मंदिर आहे. १९९४ साली फॅनी लोपेझ या तरुण संशोधिकेच्या ते नजरेत आलं आणि आत दडवलेली खोली सापडली. खोलीत दगडी पेटी, पेटीत साठीच्या आसपासच्या वयाची बाई. हाडं, दागिने, पेटीची आतली बाजू, सगळं लाल. तो लाल रंग म्हणजे हिंगूळ. आपल्या आयाआज्यांना माहीत असलेला तोच पाऱ्याचा लाल खनिज हिंगूळ. आणि त्या लाल रंगात चेहऱ्यावर शंभरावर तुकड्यांचा हिरवा मुखवटा. हा मात्र जेडचा नाही, मॅलकाइट नावाच्या तांब्याच्या हिरव्या खनिजाचा. जेडचे मणी तिच्या अंगाखांद्यावर होतेच.

पेटीवर नाव कोरलेलं नाही. जग तिला लाल राणी म्हणतं. बहुतेक अभ्यासकांच्या मते ती पकालची राणी त्स'आकबू अहाव. तिचं लग्न ६२६ सालचं, मृत्यू ६७२चा. पकाल गेला ६८३ मध्ये. म्हणजे ती तीच असेल, तर आपल्या भाषेत ती अहेव गेली.

यावरून त्यांच्यात आणि आपल्यात काही नातं होतं असं कुणी म्हणू लागलं तर मी ते मान्य करणार नाही. मध्ये दोन महासागर आहेत. लाल रंग रक्ताचा आणि हिरवा पानाचा, हे कुठल्याही माणसाला डोळ्यांनी दिसतं. पण एक फरक मुद्दाम सांगते. मायांनी मेलेल्या बाईला लाल-हिरवं दिलं ते तिच्या स्वतःच्या पुढच्या प्रवासासाठी. नवरा आहे की नाही, याचा त्याच्याशी संबंध नव्हता. पकाल स्वतःही हिंगुळातच निजला होता. माझी आई वडिलांच्या मागे नऊ वर्षं राहिली. ती गेली तेव्हा मी तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. भावकीतल्या दोघीतिघी बोलल्या. बोलू दे. तुम्हीही भरा.

प्रश्न : मी आठवीत आहे. माया लोकांकडे लोखंड नव्हते. मग त्यांनी एवढ्या कठीण दगडाला भोक कसे पाडले?
— एक विद्यार्थी, केज

उत्तर : शाब्बास. सगळ्या पत्रांत मला सगळ्यांत आवडलेला प्रश्न तुझा आहे, आणि माझ्या घरच्या धंद्यातला आहे.

आधी एक गंमत करून बघ. घरातल्या सुरीने गारगोटीवर रेघ ओढ. गारगोटीवर ओरखडा उठणार नाही, उलट सुरीचंच लोखंड तिच्यावर राखाडी रेघेसारखं उतरेल. कठीणपणा मोजायची एक ते दहा अशी पट्टी असते. त्यात गारगोटी ७, जेड साडेसहा ते ७, आणि साधी सुरी साडेपाचच्या आसपास. म्हणजे लोखंड असतं तरी त्याच्या नुसत्या टोकाने जेड कोरला गेला नसता. जेडला कापते ती वाळू. गारगोटीची वाळू, ठेचलेल्या जेडचीच भुकटी, वर पाणी, आणि ती वाळू एकाच जागी घासत ठेवणारं काहीतरी.

दगड चिरायचा असेल तर ते दोरी घेत. दोरी ओली करायची, वाळूत लोळवायची आणि दगडावरून मागेपुढे ओढायची, दिवसच्या दिवस. एका बाजूने खाच पडली की दुसऱ्या बाजूने. मध्ये बोटभर राहिलं की तेवढं मोडायचं. अशा मोडलेल्या जागेची खडबडीत शीर काही माया दागिन्यांच्या पाठीवर आजही दिसते. समोरची बाजू आरशासारखी घोटलेली आणि पाठीवर ती शीर. मला ती पाठच जास्त आवडते.

भोकासाठी सुताराचा सामता आठव. नसेल पाहिला तर आजोबांना विचार. काठी दोन्ही तळव्यांत किंवा दोरीने गरगरा फिरवायची. टोकाला गारेचा तुकडा किंवा नुसतं कठीण लाकूड, खाली ओली वाळू. मोठं गोल भोक हवं असेल, कानातल्या चकतीला लागतं तसं, तर पक्ष्याचं पोकळ हाड नाहीतर वेताची नळी फिरवत. नळीने गोल खाच पडते, मधला दगड काठीसारखा उभा राहतो आणि शेवटी तो मोडून काढतात.

आता भोक कसं ओळखायचं ते सांगते. आमच्या घरी तेरच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडात, सापडलेला लाल अकीकाचा एक मणी होता, दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळातला असावा. वडिलांनी मला तो भिंग लावून दाखवला होता. भोक एका टोकाला रुंद, आत जाईल तसं निमुळतं. दुसऱ्या टोकानेही तसंच. दोन्ही बाजूंनी पाडत आलेली भोकं मध्ये भेटली होती, पण नेमकी समोरासमोर नाही, गव्हाच्या दाण्याच्या जाडीइतकी चुकून. आत एक बारीक कड राहिली होती. वडील म्हणाले, "हितं दोरा कापतो. म्हणून रेशमाला मेण लावायचं." मण्याचा वेज पाहिला की करणाऱ्याचे हात दिसतात, असंही म्हणाले होते.

माया जेडच्या मण्यांचे वेज असेच दोन्हीकडून पाडलेले आहेत. तेरचा कारागीर आणि ग्वातेमालाचा कारागीर एकमेकांना स्वप्नातही ठाऊक नव्हते. पण लांबट मण्याला एकाच बाजूने भोक पाडत नेलं तर दुसऱ्या टोकाला टवका उडतो, हे दोघांनाही मणी फुटल्यावरच कळलं असणार.

जेडमध्ये आणखी एक अडचण आहे. त्याचे आतले कण घोंगडीच्या विणीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. अकीक हातोडीने ठोकला की उडतो, जेड सहज फुटत नाही. म्हणून घासण्याशिवाय गत्यंतर नाही. बेलीझमध्ये 'अल्तुन हा' नावाच्या जागी १९६८ साली सूर्यदेवाचं एक शिर सापडलं. अखंड जेडचं, सुमारे १५ सेंटिमीटर उंच, वजन ४.४२ किलो. आतापर्यंत सापडलेल्या माया जेडच्या कोरीव कामांत सगळ्यांत मोठं. पाच किलोची ज्वारीची पिशवी उचलून बघ आणि मग हातात मावणारा दगड तेवढा जड असेल अशी कल्पना कर.

प्रश्न : पकालच्या शवपेटीच्या झाकणावर तो अंतराळयान चालवताना दाखवला आहे, असे मोबाईलवर पुष्कळ ठिकाणी पाहिले. तुमचे मत काय?
— एक वाचक, परभणी

उत्तर : दादा, ते अंतराळयान नाही. असं सांगणाऱ्यांनी त्या झाकणाच्या कडेवरचा मजकूर वाचलेला नसतो, आणि तो वाचता येतो. त्यात पकालच्या जन्माची आणि मृत्यूची तिथी आहे. जन्म ६०३, गादीवर बसला ६१५ मध्ये बाराव्या वर्षी, मृत्यू ६८३. तो गादीवर बसला तेव्हा आपल्या मुलखावर बदामीच्या चालुक्यांचा दुसरा पुलकेशी राज्य करत होता. इतका तो इतिहासातला, तारखांचा माणूस आहे.

चित्र आडवं धरून पाहतात म्हणून यान दिसतं. उभं धरा. खाली पाताळाचा जबडा उघडलेला आहे. त्यावर पकाल मागे रेललेला, अंगात मकादेवाचा जेडच्या जाळीचा वेष. त्याच्या शरीरातून वर विश्वाचं झाड उगवतंय आणि शेंड्यावर पक्षी बसलाय. पेटीच्या चारही बाजूंना त्याचे पूर्वज जमिनीतून उगवताना कोरलेत, प्रत्येकाबरोबर एक फळझाड. त्याची आई कोकोच्या झाडासोबत उगवते. मेलेल्या मुलाभोवती कुणीतरी बाग लावून दिली आहे, आणि आपण त्यात इंजिन शोधतो!

ही जागा सापडली कशी, तेही ऐकण्यासारखं आहे. १९४९ मध्ये आल्बेर्तो रुझ या मेक्सिकन संशोधकाला मंदिराच्या जमिनीतल्या एका फरशीला भोकं दिसली. फरशी उचलली तर खाली दगडमातीने बुजवलेला जिना. साठाहून जास्त पायऱ्या. तो उपसायला त्यांना १९५२ उजाडलं. तळाशी ती खोली, आणि अवजड झाकणाखाली पकाल. चेहऱ्यावर तीनशेवर तुकड्यांचा जेडचा मुखवटा, डोळे शिंपल्याचे, बुबुळं ज्वालामुखीतून निघणाऱ्या काळ्या काचेची. एका हातात जेडचा चौकोनी ठोकळा, दुसऱ्यात गोळा. तोंडात मणी. आणि पेटीपासून जिन्याच्या कडेकडेने वर देवळाच्या जमिनीपर्यंत नेलेली दगडी नळी. जिना पक्का बुजवला, पण ही नळी मोकळी ठेवली. आतल्या राजाचा श्वास वर यावा म्हणून, असं अभ्यासक मानतात.

हाच मुखवटा १९८५च्या नाताळच्या रात्री मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय संग्रहालयातून शंभरावर वस्तूंसह चोरीला गेला. साडेतीन वर्षांनी, १९८९ मध्ये, बहुतेक सगळ्या वस्तू परत मिळाल्या. यानाच्या गोष्टींइतका वेळ लोकांनी या बातमीला दिला असता तर मला बरं वाटलं असतं.

आणि माया लोक कुठे निघून गेले, असंही तुम्ही पुढे विचारलंय. कुठेही नाही. त्यांची बरीच मोठी नगरं नवव्या शतकाच्या आसपास ओस पडली, माणसं राहिली. आज ग्वातेमाला, मेक्सिको, बेलीझमध्ये लाखो माया लोक आपल्या भाषा बोलतात, मका पेरतात. १९९२चं शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू माया आहेत.

प्रश्न : सराफ्यात ज्योतिषाचे खडे विकणारे "जेड" म्हणून हिरवी माळ देतात. हाच का तो माया लोकांचा दगड?
— एक वाचक, लातूर

उत्तर : बहुतेक नाही. जेड या नावाखाली दोन वेगळी खनिजं येतात, नेफ्राइट आणि जेडाइट. ती वेगळी आहेत हे १८६३ मध्ये दामूर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने दाखवलं. मायांचा जेड म्हणजे जेडाइट. तो त्यांच्या मुलखात एकाच ठिकाणी मिळतो, ग्वातेमालातल्या मोताग्वा नदीच्या खोऱ्यात, जिथे पृथ्वीची दोन मोठी कवचं एकमेकांना घासतात. आपल्या काळ्या पाषाणात अकीक, गारगोटी मिळेल, जेडाइट नाही. बाजारातली स्वस्त माळ पुष्कळदा रंगवलेल्या दुसऱ्याच दगडाची असते. परीक्षा करून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

पण आपल्याकडे जेडची ओळखच नव्हती असं नाही. मोगलांच्या काळात नेफ्राइटला संग-ए-यशब म्हणत. त्याची छोटी पट्टी गळ्यात घालत, तिचं नाव हौलदिली. छातीत धडधडतं त्यावर उतारा म्हणून. शहाजहानच्या नावाची अशी एक हौलदिली लंडनच्या संग्रहालयात आहे. आणि तिकडे स्पॅनिश लोकांनी मायांच्या दगडाला 'पिएद्रा दे इहादा' म्हटलं, म्हणजे कुशीचा दगड, कारण तो कुशीवर बांधला की मुतखड्याची कळ थांबते अशी समजूत. त्यातल्या इहादावरून जेड हा शब्द आला. कळ थांबते की नाही ते डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : बाई, आमचं रान तेरणेच्या काठाला आहे. मोठा पाऊस झाला की बांधावर मणी उघडे पडतात, लाल, पांढऱ्या पट्ट्यांचे. माझ्याकडं चाळीसेक जमलेत. एक माणूस फोन करतो, बरी किंमत देतो म्हणतो. यंदा सोयाबीन पाण्यात गेलं. विकले तर काय बिघडलं? तुमच्या माया लोकांसारखं कुणाच्या थडग्यातून तर काढले नाहीत.
— एक शेतकरी, धाराशिव जिल्हा

उत्तर : दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. सोयाबीनचं लिहिलंय ते आधी वाचलं, मण्यांचं नंतर. म्हणून तुम्हाला नुसता कायदा सांगून मोकळी होणार नाही.

१९७२ला मी चौथीत होते. दुष्काळी कामावर आई खडी फोडायला जायची. आम्ही सुकडी खायचो, मिलोच्या लाल भाकरी खायचो. दागिने गाठवायला कोण येणार होतं! वडिलांकडे डालड्याच्या डब्यात मणी होते, आजोबांपासून जमवलेले, तेरच्या पांढरीतले आणि आजूबाजूच्या रानांतले. गोरोबाकाकांच्या देवळाकडे जाताना पावसानंतर वेचलेले. एक माणूस आला. तराजू घेऊन आला. मणी मोजलेसुद्धा नाहीत, तोलले. त्या पैशांत दोन पोती ज्वारी आली. वडील ज्वारीकडे बघत होते आणि मी वडिलांकडे.

म्हणून लांदाचं ते वाक्य, परलोकात खायला कमी पडू नये म्हणून मणी, मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते समजावून सांगावं लागलं नाही. बेर्नाल दियाझ म्हणून एक स्पॅनिश शिपाई होता. १५२० मध्ये मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांच्या राजधानीतून पळताना त्याच्या सोबत्यांनी सोनं भरून घेतलं आणि पुष्कळ जण त्या ओझ्यानं कालव्यात बुडाले. यानं चारच हिरवे दगड घेतले. पुढे तो लिहितो, की त्यांच्यावर जखमांची मलमपट्टी झाली आणि पोटाला मिळालं. भुकेल्या माणसानं मणी विकला तर मी त्याला नाव ठेवणार नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर "विकू नका" हेच आहे. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू सापडली तर तिचा व्यापार कुणालाही वाटेल तसा करता येत नाही, १९७२चाच कायदा आहे. आणि जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, हा तर १८७८चा. फोन करणाऱ्याला हे दोन्ही ठाऊक आहे. म्हणून तो पावती देणार नाही.

कायद्यापेक्षा मोठं कारण सांगते. तेर म्हणजे जुनं तगर. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापारी टिपणात लिहिलंय, की पैठणहून पट्ट्यांचे दगड आणि तगरहून तलम कापड बैलगाड्यांतून भडोच बंदराला जातं, आणि तिथून परदेशी. तुमच्या बांधावरचा मणी कुणा कारागिराच्या अंगणातला आहे, व्यापाऱ्याच्या वखारीतला आहे, की कुणाच्या गळ्यातला, हे फक्त तो जिथे पडलाय ती जागा सांगू शकते. चाळीस मणी एकाच बांधावर मिळाले आणि त्यांतले काही भोक पाडण्याआधीच फुटलेले असले, तर तिथे मण्यांचा कारखाना असू शकतो. पकालच्या तोंडातला मणी बाजारात आला असता तर तो नुसता हिरवा मणी होता. तोंडात होता, म्हणून आपण आज श्वासाबद्दल बोलतोय.

तेव्हा एवढं करा. ज्या ज्या जागी सापडले ती जागा वहीत लिहा. विहिरीपासून किती पावलं, कुठल्या झाडाच्या अंगाला, किती खोल, कुठल्या महिन्यात. फुटके मणी, दगडाच्या कपच्या फेकू नका, तेही ठेवा. मोबाईलवर फोटो काढा, शेजारी रुपया ठेवून. मग जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयात जाऊन या. ते संग्रहालय उभं राहिलं तेच रामलिंगप्पा लामतुरे या तेरच्याच माणसानं अशा वस्तू वर्षानुवर्षं सांभाळल्या म्हणून. आणि सोयाबीनचा पंचनामा झाला नसेल तर तो अर्ज मी लिहून देते, मला कळवा.

वर केजच्या मुलाला सांगितला तो लाल मणी आमच्या डब्यातला शेवटचा. माणूस तोलून नेत होता तेव्हा धाकटा भाऊ तीन वर्षांचा होता आणि तो मणी त्याच्या तोंडात होता, म्हणून राहिला. वडील गेल्यावर तो माझ्याकडे आला. निवृत्त झाले त्या वर्षी मी तो एका संग्रहालयात नेऊन दिला. तिथल्या मुलीने नोंदवही उघडली, मण्याची लांबी मोजली, रंग लिहिला, वजन लिहिलं. मग विचारलं, "मॅडम, सापडला कुठं?" मी तेर म्हणाले. ती म्हणाली, "तेरमध्ये कुठं?" तो रकाना मोकळाच आहे.